चावी काढलेली, डिस्मिस चिकटलेला

मेव्हण्याच्या जुन्या डिझेल जीपची बॅटरी महिन्याभरात दुसऱ्यांदा बसली. पहिल्या वेळी एका दुकानदाराने ‘बॅटरीच गेली’ म्हणून ६० अँपिअर-अवरची नवी बॅटरी गळ्यात मारली. दुसऱ्या वेळी सासूबाईंनी बंपरला लिंबू-मिरची बांधली. गुण दोन्हींचा सारखाच आला. लिंबू त्यातल्या त्यात स्वस्त पडलं.

शेवटी एक म्हातारे मिस्त्री सकाळी सहाला घरी आले. ‘रात्रभर उभी असू दे, कुणी चालू करू नका’ असं त्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं. बॉनेट उघडून त्यांनी अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रावर, तळहात ठेवला आणि मला म्हणाले, ‘साहेब, तुम्ही ठेवा.’ इंजिन गार, रेडिएटर गार, अल्टरनेटर मात्र कोमट! मग त्यांनी खिशातला डिस्मिस, म्हणजे आपला स्क्रूड्रायव्हर, काढून अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ नेला. टक्. चिकटला. चावी माझ्या हातात होती.

‘रात्रभर खातंय हे. डायोड प्लेट गेली,’ असं म्हणून ते हत्यारं आणायला वळले. मी मात्र त्या चिकटलेल्या डिस्मिसकडे बघत राहिलो, कारण त्यात अख्खा अल्टरनेटर आहे.

तारेच्या वेटोळ्यात चुंबक फिरवला की वीज तयार होते, हे आपण शाळेत शिकतो. अल्टरनेटरमधला फिरता चुंबक, म्हणजे रोटर, कायमचा चुंबक नसतो. कार्बन ब्रशमधून दोन-चार अँपिअर मिळाले तरच तो चुंबक होतो. चावी काढली की त्यात नावापुरता चुंबकपणा उरतो, डिस्मिस धरून ठेवण्याइतका नाही. मग रात्रभर त्याला करंट पुरवत कोण होतं?

रोटरभोवतीच्या न फिरणाऱ्या भागात, म्हणजे स्टेटरमध्ये, तारेची तीन वेटोळी, म्हणजे वायंडिंग, असतात आणि त्यांत तयार होते एसी. बॅटरीला हवी डीसी. म्हणून मध्ये सहा डायोड बसवतात, तीन प्लसच्या प्लेटवर, तीन मायनसच्या. डायोड म्हणजे विहिरीतल्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह. पाणी वर जातं, मागे येत नाही. या सहांशिवाय आमच्या जीपसारख्या अल्टरनेटरमध्ये आणखी तीन छोटे डायोड असतात. ते स्टेटरमधलीच थोडी वीज काढून रोटरला देतात, म्हणजे अल्टरनेटर आपल्या चुंबकाचं पोट आपणच भरतो.

आता प्लसचा एक डायोड शॉर्ट झाला असं समजा. फूटव्हॉल्व्ह अडकून उघडा राहिला. बॅटरीचा करंट त्यातून उलटा स्टेटरमध्ये शिरतो. मायनसचे डायोड शाबूत असल्यामुळे तो तिथून सरळ गाडीच्या बॉडीला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला, जाऊ शकत नाही, पण छोट्या तीन डायोडांची दिशा त्याच्या सोयीची असते. त्यातून ब्रश, रोटर, कटआउट (म्हणजे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) आणि मग बॉडी, अशी मागच्या दाराची वाट तयार होते. रोटरचा रोध तीन-चार ओहम, म्हणजे तीनेक अँपिअर आले. दहा तासांत ३० अँपिअर-अवर, नव्या बॅटरीचा निम्मा जीव! तेवढ्यात सकाळचं गार डिझेल इंजिन फिरणार कसं? चावी काढल्यावरही चार्जिंगचा लाल दिवा मंद मिणमिणायचा, तोही याच वाटेवरून. मेव्हण्याला तो दिवा दिसत होता. त्याला वाटलं, तो तसाच असतो. (आताच्या बऱ्याच अल्टरनेटरमध्ये हे तीन डायोड नसतात. तिथे डिस्मिसच्या भरवशावर राहू नये.)

पुढचा परिच्छेद माझ्या हौसेचा आहे. तीन फेज म्हटलं की ज्यांना जांभई येते त्यांनी सोडला तरी चालेल. तिन्ही वायंडिंगच्या लाटा एकमेकींच्या १२० अंश मागेपुढे असतात. ज्या क्षणी जिचा व्होल्टेज सगळ्यात वर, तिचा प्लसचा डायोड उघडतो. जिचा सगळ्यात खाली, तिचा मायनसचा. दर ६० अंशांनी जोडीतला एक गडी बदलतो. त्यामुळे एका आवर्तनात सहा उंचवटे मिळतात आणि दोन उंचवट्यांमधली घळ शिखराच्या ८७ टक्क्यांच्या आसपास थांबते. बारा ध्रुवांचा रोटर मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर सेकंदाला २०० आवर्तनं, म्हणजे १२०० उंचवटे. कधी कधी गाडीच्या रेडिओत इंजिनाबरोबर चढणारी बारीक शीळ ऐकू येते, ती यांचीच. एक डायोड ओपन झाला, म्हणजे आतून तुटला, की त्याच्या वाट्याचे दोन उंचवटे बुडतात आणि त्या जागी थेट शून्यापर्यंत जाणारा खड्डा पडतो. शीळ जाऊन २०० हर्ट्झची घोगरी घरघर सुरू होते.

गंमत पुढे आहे. हा खड्डा बॅटरी स्वतःच्या पदरचं घालून बुजवत राहते. म्हणून मीटर डीसीवर लावलं तर ते साळसूदपणे १३.५ दाखवतं आणि ‘चार्जिंग ओके’ असा निकाल लागतो. पहिल्या दुकानदाराचं तिथेच चुकलं. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून तेच मीटर एसीवर करायचं आणि बॅटरीच्या दोन टोकांवर धरायचं. चांगल्या अल्टरनेटरला व्होल्टचा विसावा-दहावा भाग दिसतो. आमच्या जीपला ०.७ दिसला. मात्र आधी इंजिन बंद असताना एकदा बघून घ्या. काही स्वस्त मीटर एसीवर साध्या बॅटरीलाही २७ वगैरे दाखवतात आणि दांड्या उलट्या धरल्या की शून्य. अशा मीटरवर ही परीक्षा होत नाही.

याउलट मोबाइलवर फिरणारी ‘परीक्षा’ अशी, की चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढा, गाडी बंद पडली नाही तर अल्टरनेटर चांगला. यांत्रिक पंपाचं जुनं डिझेल इंजिन तर अल्टरनेटर काढून माळ्यावर ठेवला तरी चालू राहील! आणि नव्या गाडीत हा प्रयोग महागात पडतो. भरपूर करंट घेणारी बॅटरी अचानक गेली, पण रोटरचं चुंबकत्व क्षणात ओसरत नाही. तेवढ्या वेळात व्होल्टेज उसळून शंभरच्या घरात जाऊ शकतो. डायोड आणि इंजिनाचा कॉम्प्युटर, दोघांनाही तो पुरेसा आहे. सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायच्या ‘मायलेज वाढवा’ डब्या विकणारेही बहुधा याच शाळेतले.

मिस्त्रींनी अल्टरनेटर उतरवून उघडला. डायोड जागेवरच तपासले तर स्टेटरच्या तांब्यामुळे तिन्ही प्लसचे डायोड शॉर्ट दिसतात. गुन्हेगार ओळखायचा तर स्टेटरची टोकं डागातून, म्हणजे सोल्डरमधून, सोडवावीच लागतात. मग मीटरच्या डायोड खुणेवर एका बाजूने ०.५ च्या आसपास, दांड्या उलटवल्या की काहीच नाही, तो डायोड चांगला. मधल्याने दोन्हीकडून ०.००२ दिला.

मिस्त्रींनी अख्खी प्लेट न बदलता तोच एक डायोड व्हाइसमध्ये दाबून काढला आणि नवा बसवला. दाब फक्त कडेवर. हातोडीने ठोकला तर आतली सिलिकॉनची चकती तडकते. डाग देताना त्यांनी डायोडच्या पायाला चिमट्याची पकड लावून ठेवली, उष्णता चिमट्यात जिरावी म्हणून. डागाचं कथील-शिसं वितळतं १८३ अंशांना, आणि या डायोडांनी साधारण १७५ च्या पुढे तापू नये असा दंडक आहे. चालू गाडीतही ते तापतातच. ५० अँपिअर वाहताना जोडीतले दोघे मिळून शंभरेक वॅट, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी उष्णता टाकतात, म्हणून ती ॲल्युमिनियमची प्लेट. तिच्यावर तेल-मातीचा लेप बसला की डायोडाचे दिवस भरतात.

आमची प्लेट मात्र स्वच्छ होती. मिस्त्रींनी ती उलटसुलट पाहिली आणि मेव्हण्याला विचारलं, ‘कधी दुसऱ्या गाडीवरून जंप दिला होता काय?’

मेव्हणा माझ्याकडे बघून म्हणाला, ‘दाजी, दिवाळीत ट्रॅक्टरवरून दिला होता. पहिल्यांदा वायरी उलट्या लागल्या, जाळ निघाला जरा. पण लगेच बदलल्या की.’

उलट्या बॅटरीला सहाही डायोड सरळ वाट देतात. मिस्त्रींनी काढलेला डायोड मेव्हण्याच्या हातावर ठेवला, अल्टरनेटर जोडून जागेवर बसवला आणि डिस्मिस पुन्हा बेअरिंगजवळ नेला. या वेळी तो चिकटला नाही.