सेंटओएस ७ नंतर काय? व्हीएफएक्स स्टुडिओंच्या लिनक्सची पार्श्वभूमी

व्हिज्युअल इफेक्ट्सच्या कामासाठी कोणते लिनक्स घ्यावे, असे विचारले तर आज बहुतेक ठिकाणी 'रॉकी नाहीतर अल्मा' एवढेच उत्तर मिळते. ही दोन्ही, आणि त्यांच्या आधीचे सेंटओएसही, रेड हॅट कंपनीच्या लिनक्सपासून बनलेली मोफत लिनक्स. उबंटू किंवा फेडोरामध्ये खोट आहे असे नाही. तरीही रेड हॅटच्या कुळाचाच आग्रह का धरला जातो, याची मुळे पंचवीस-तीस वर्षे मागे जातात.

नव्वदच्या दशकात हे काम सिलिकॉन ग्राफिक्सच्या वर्कस्टेशनवर, आयरिक्स नावाच्या युनिक्सवर चाले. स्टुडिओंनी स्वतः लिहिलेली अवजारे, शेल स्क्रिप्ट, रेंडरची (संगणकाने अंतिम चित्र तयार करण्याची) रांग सांभाळणारे प्रोग्राम, सगळे युनिक्सच्या वळणाचे. साधे पीसी पुरेसे वेगवान झाले तेव्हा स्टुडिओंना विंडोजपेक्षा लिनक्सवर जाणे सोपे गेले, कारण जुना कोड थोड्या डागडुजीवर चालत होता. आधी रेंडर फार्म, म्हणजे फक्त रेंडर करणाऱ्या यंत्रांचे ताफे, सरकले. 'टायटॅनिक'साठी (१९९७) डिजिटल डोमेनने शंभरहून अधिक अल्फा प्रोसेसरची यंत्रे लिनक्सवर चालवली. रेंडरच्या यंत्राला ना पडदा लागतो, ना पेन टॅबलेट, ना ग्राफिक्सचा ड्रायव्हर. म्हणून सुरुवात तिथून झाली. २००१ मध्ये माया हे थ्रीडी ॲनिमेशनचे सॉफ्टवेअर लिनक्सवर आले आणि मग कलाकारांच्या टेबलावरची यंत्रेही बदलू लागली. २००६ च्या अखेरीस आयरिक्सच्या यंत्रांचे उत्पादनच थांबले.

दरम्यान रेड हॅटने मोफत लिनक्सची मालिका २००३ मध्ये संपवली. एका बाजूला पैसे भरून मिळणारे एंटरप्राइज लिनक्स उरले, दुसऱ्या बाजूला झपाट्याने बदलणारे फेडोरा, ज्याच्या प्रत्येक आवृत्तीला जेमतेम तेरा महिन्यांचे आयुष्य. शेकडो यंत्रांच्या फार्मला यंत्रागणिक वर्गणी परवडत नाही आणि दोन वर्षे चालणाऱ्या चित्रपटाला तेरा महिने पुरत नाहीत. ही अडचण २००४ मध्ये सेंटओएसने सोडवली: एंटरप्राइज लिनक्सचाच स्रोत (सोर्स कोड) पुन्हा बांधून मोफत, आणि पुढे प्रत्येक आवृत्तीला साधारण दहा वर्षे. सॉफ्टवेअर कंपन्या रेड हॅटवर चाचणी घेत, स्टुडिओ सेंटओएसवर काम करत.

या क्षेत्रात 'स्थिर' याचा अर्थ 'क्रॅश होत नाही' एवढाच नाही. अर्थ दडलेला आहे जीलिबसी या सी लायब्ररीत. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्राम नव्यावर चालतो, उलटे चालत नाही. सुरू करताच 'जीलिबसी २.२८ सापडली नाही' अशा धर्तीची ओळ टर्मिनलवर येते आणि प्रोग्राम तिथेच थांबतो. सेंटओएस ७ मध्ये २.१७, त्याच कुळाच्या आठव्या पिढीत २.२८, नवव्यात २.३४. म्हणजे कंपनीने कोणत्या पिढीवर बिल्ड केले, यावरच सॉफ्टवेअर कुठे चालेल ते ठरते. यंत्रावर कोणती आवृत्ती आहे हे 'एलडीडी' या आज्ञेला आवृत्ती विचारली की कळते, आणि एखाद्या प्लग-इनची कोणती लायब्ररी सापडत नाही हेही तीच आज्ञा दाखवते.

प्लग-इनमुळे गुंता आणखी वाढतो. एकाच प्रोसेसमध्ये मुख्य प्रोग्राम, रेंडरर, स्टुडिओचे प्लग-इन, पायथन ही भाषा, खिडक्या-बटणांसाठीची क्यूटी, प्रतिमांच्या फाइलींसाठीची ओपनईएक्सआर असे सगळे एकत्र लोड होते. त्यांतल्या दोघांना एकाच लायब्ररीच्या वेगळ्या आवृत्त्या हव्या असतील तर टक्कर अटळ. म्हणून २०१४ पासून व्हिज्युअल इफेक्ट्स सोसायटीच्या तंत्रज्ञान समितीच्या पुढाकाराने व्हीएफएक्स रेफरन्स प्लॅटफॉर्म प्रसिद्ध होऊ लागला: त्या वर्षासाठी कंपायलर (कोडपासून प्रोग्राम बनवणारे अवजार), पायथन, क्यूटी यांच्या कोणत्या आवृत्त्या धरायच्या, याची सर्वांनी मान्य केलेली यादी. सी++ चे उदाहरण बोलके आहे. जीसीसी या कंपायलरच्या पाचव्या आवृत्तीने २०१५ मध्ये स्ट्रिंग आणि लिस्ट यांची स्मृतीतली मांडणी बदलली. पण सेंटओएस ७ वर नवा कंपायलर टाकला तरी तो जुनीच मांडणी वापरे. त्यामुळे अख्ख्या उद्योगाला नव्या मांडणीवर येण्यासाठी २०२३ ची यादी उजाडावी लागली. त्याच यादीत जीलिबसीही २.२८ झाली, आणि सातव्या पिढीचा रस्ता तिथे संपला.

या शांत व्यवस्थेला धक्का बसला ८ डिसेंबर २०२० रोजी. २०२९ पर्यंत चालेल असे गृहीत धरलेले सेंटओएस ८, २०२१ च्या अखेरीस बंद होणार असे जाहीर झाले. अनेक स्टुडिओ सातव्या आवृत्तीवरच थांबले. तिचीही मुदत ३० जून २०२४ ला संपली. पोकळी भरायला मार्च २०२१ मध्ये अल्मालिनक्स आले आणि जूनमध्ये सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एक, ग्रेगरी कुर्ट्झर यांनी सुरू केलेले रॉकी. जून २०२३ मध्ये रेड हॅटने स्रोत उघडपणे देणे आखडते घेतले. रॉकीने हुबेहूब प्रतीचा हट्ट कायम ठेवला. अल्माने बायनरी सुसंगतता, म्हणजे तेच तयार प्रोग्राम चालणे, पुरेशी मानली. रोजच्या कामात हा फरक सहसा जाणवत नाही, आणि दोघांत भांडण लावण्यात वेळ घालवू नये. मात्र डाविंची रिझॉल्व्ह आणि फ्लेमसारख्या प्रोग्रामच्या निर्मात्यांनी आपले सॉफ्टवेअर कशावर चालेल याच्या यादीत रॉकीचे नाव घातले, आणि मदत मागायची वेळ आली की तीच यादी बघितली जाते.

यादीतली दशांशानंतरची संख्याही वाचावी. ८.६ वर तपासलेला प्रोग्राम असेल आणि नव्या यंत्रावर सरसकट अपडेट दिला, तर यंत्र ८.१० वर जाते, कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर डीकेएमएसविना (कर्नल बदलला की मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणारी सोय) बसवला असेल तर नव्या कर्नलसाठी त्याचे मॉड्यूल तयार नसते. सकाळी काळा पडदा दिसतो. डीएनएफ या पॅकेज बसवणाऱ्या अवजाराच्या व्हर्जनलॉकने कर्नल आणि ड्रायव्हर बांधून ठेवावेत, पॅकेजांची प्रत स्वतःच्या सर्व्हरवर गोठवावी आणि अपडेट आधी एका यंत्रावर चालवून पाहावा. सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर सही करून तिची किल्ली नोंदवावी लागते, नाहीतर ते लोडच होत नाही.

आठ की नऊ? फार्म आणि टेबल दोन्ही एकाच पिढीवर असावीत, हा पहिला नियम. आठव्या पिढीला सुरक्षा दुरुस्त्या मे २०२९ पर्यंत, नवव्या पिढीला मे २०३२ पर्यंत. नवव्या पिढीवर कूटलेखनाची लायब्ररी ओपनएसएसएल ३ आहे; जुन्या १.१ वर बांधलेल्या प्रोग्रामसाठी 'कॉम्पॅट-ओपनएसएसएल ११' आणि जुन्या क्रिप्ट लायब्ररीसाठी 'लिबएक्सक्रिप्ट-कॉम्पॅट' ही पॅकेजे वेगळी टाकावी लागतात. पेन टॅबलेट किंवा रंगाची अचूकता वेलँड या पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर अडली, तर जीडीएम या लॉग-इनच्या प्रोग्रामच्या कस्टम डॉट कॉन्फ फाइलमध्ये वेलँड बंद करून जुन्या एक्सऑर्गवर यावे.

एक चूक मात्र कोणत्याही पिढीवर होते. प्लग-इनची लायब्ररी सापडत नाही म्हणून लायब्ररी कुठे शोधायच्या हे सांगणारा एलडी लायब्ररी पाथ हा चल थेट लॉग-इनच्या फाइलमध्ये लिहिला जातो. मग त्या सत्रातून सुरू होणारा प्रत्येक प्रोग्राम, अगदी फाइल मॅनेजरही, प्लग-इनसोबतची क्यूटी उचलतो आणि कोलमडतो. तो चल फक्त त्या एका प्रोग्रामच्या लाँचर स्क्रिप्टमध्ये ठेवावा. सिस्टमच्या पायथनलाही हात लावू नये; डीएनएफ त्याच्यावरच उभे असते, आणि माया किंवा हुडिनी आपापला पायथन सोबत घेऊनच येतात.