लोसा आणि पायलटचा मॅनेजमेंटवरचा विश्वास

लोसा म्हणजे लाइन ऑपरेशन्स सेफ्टी ऑडिट. रोजच्या, प्रवाशांनी भरलेल्या साध्या फ्लाइटमध्ये एक ट्रेनिंग घेतलेला निरीक्षक कॉकपिटमधल्या जंप सीटवर, म्हणजे पायलटांच्या मागच्या जादा सीटवर, बसतो आणि दोघा पायलटांपुढे काय अडचणी येतात, कुठे चुकतं, ती चूक कोणाच्या लक्षात येते आणि ते ती कशी निस्तरतात हे सगळं लिहून काढतो. पास-नापास नाही, शेरा नाही. फॉर्मवर पायलटचं नाव नसतं, फ्लाइट नंबर नसतो, तारीखही नसते. पण हे सगळं चालतं एकाच गोष्टीवर: आज जे दिसलं ते उद्या माझ्याच विरोधात वापरलं जाणार नाही याची पायलटला खात्री पाहिजे, ती नसेल तर जंप सीटवर कोणालाही बसवा, खरं काही दिसणार नाही.

लोसाच्या आधीपासून लाइन चेक असतोच, म्हणजे चेक पायलट येऊन बघतो की तुम्हाला काम येतंय का, आणि त्यावर तुमचं उडणं अवलंबून असतं. साहजिकच त्या दिवशी सगळे अगदी पुस्तकाप्रमाणे उडवतात, शाळा तपासणीच्या दिवशी फळ्यावर सुविचार आणि सगळी पोरं गणवेशात असतात तसंच. त्यातून पायलटला काय येतं ते कळतं, पण एरवी रात्रीच्या चौथ्या सेक्टरला, म्हणजे चौथ्या उड्डाणाला, उशीर झालेला असताना तो काय करतो ते कळत नाही, आणि खरा धोका तर तिथेच असतो.

ही पद्धत अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या रॉबर्ट हेल्मराइख यांच्या ह्यूमन फॅक्टर्स गटाने उभी केली. १९९० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात डेल्टा एअरलाइन्सला बघायचं होतं की क्रू रिसोर्स मॅनेजमेंटच्या, म्हणजे कॉकपिटमध्ये एकमेकांशी बोलून, मिळून काम करण्याच्या, क्लासमध्ये शिकवलेलं खरोखर कॉकपिटमध्ये उतरतंय का, तिथून सुरुवात झाली. मग १९९६ मध्ये कॉन्टिनेंटल एअरलाइन्सबरोबर आज ओळखतो त्या स्वरूपातलं पहिलं पूर्ण लोसा झालं, त्यात नुसत्या चुका नाही तर बाहेरून येणारे धोकेही मोजले गेले: खराब हवामान, डोंगराळ एअरपोर्ट, एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) ऐनवेळी बदललेला रनवे, बिघडलेलं उपकरण. यालाच थ्रेट अँड एरर मॅनेजमेंट म्हणतात.

कॉन्टिनेंटलचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे विश्वास नावाची गोष्ट जवळजवळ संपली होती. १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर करून युनियनचे करार मोडले, पायलट संपावर गेले, तो संप १९८५ पर्यंत चालला, आणि १९९० मध्ये कंपनी परत दिवाळखोरीत. १९९४ मध्ये गॉर्डन बेथ्यून प्रमुख झाले, त्यांनी जुन्या नियमांचं जाडजूड पुस्तक पार्किंगमध्ये नेऊन जाळायला लावलं आणि विमानं वेळेवर धावली की प्रत्येक कर्मचाऱ्याला महिन्याला ६५ डॉलर द्यायला सुरुवात केली. या वातावरणात कॉकपिटमध्ये निरीक्षक बसवणं शक्य झालं. २००० मध्ये तिथेच पुन्हा लोसा केलं तेव्हा चेकलिस्टचा वापर आणि अस्थिर अप्रोच (उतरताना वेग किंवा उंची नीट न जमणं), दोन्हीत चांगलीच सुधारणा दिसली.

इकाओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेने, २००२ मध्ये लोसावर स्वतंत्र पुस्तिका काढली, क्रमांक ९८०३, तिच्यात लोसाची दहा वैशिष्ट्यं दिली आहेत आणि त्यातली निम्म्याहून जास्त सरळ विश्वासाशी जोडलेली आहेत. मॅनेजमेंट आणि पायलट संघटना दोघांची मिळून संमती लागते. निरीक्षक बहुतेक लाइनवरचेच, म्हणजे रोज फ्लाइट उडवणारे, पायलट असतात आणि दोन्ही बाजूंना मान्य असलेले घेतात. क्रू नाही म्हणू शकतो, त्याला कारण विचारत नाहीत, पण नकार फार यायला लागले तर तो त्या क्रूचा दोष धरत नाहीत, कंपनीत विश्वासाची बोंब आहे असा त्याचा अर्थ घेतात. कागद कंपनीच्या ऑफिसात न जाता बाहेरच्या विश्वासातल्या ठिकाणी जातात. नंतर एका टेबलाभोवती दोन्ही बाजूंची माणसं बसून मॅन्युअल उघडून तपासतात की निरीक्षकाने चूक म्हणून लिहिलंय ती खरंच चूक आहे का, आणि नसेल तर ती नोंद काढून टाकतात.

एवढी काळजी का, ते आधीच्या अनुभवावरून कळतं. १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए ५१४ हे विमान वॉशिंग्टनजवळ डोंगरावर आदळून ९२ जण गेले. सहा आठवडे आधी युनायटेडचा एक क्रू त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचला होता, त्यांनी आपल्या कंपनीत कळवलं, कंपनीने आपल्या पायलटांना सावधही केलं, पण बाकीच्यांपर्यंत ते पोचलंच नाही. मग एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, असे प्रसंग पायलटांनी कळवायची सोय सुरू केली तर पायलट बिचकले, कारण लायसन्सवर कारवाई करणारे हेच! म्हणून १९७६ मध्ये ते काम नासाकडे गेलं, जिच्या हातात शिक्षा करायचा अधिकारच नाही. उलटं उदाहरण अमेरिकन एअरलाइन्सचं. तिथे पायलटांनी स्वतःहून चूक कळवायची असॅप योजना १९९४ पासून चालू होती, आणि २००८ मध्ये युनियन आणि मॅनेजमेंटचं जमलं नाही म्हणून ती बंद पडली. पुढच्या वर्षी परत सुरू झाली, पण मधल्या काळात कळवायचं राहून गेलेलं कुठल्याच डेटाबेसमध्ये सापडणार नाही.

आपल्याकडे हा विषय निघाला की ७ ऑगस्ट २०२० चा कोझिकोडचा अपघात आठवतो, दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान पावसात रनवे सोडून खाली गेलं आणि २१ जण गेले. तपास अहवालात पायलटांच्या चुका आहेतच, पण कोझिकोडला पुरेसे कॅप्टन नसणं आणि त्यामागचं कंपनीचं एचआर धोरण, वरच्या मॅनेजमेंटची ट्रेनिंग आणि सुरक्षेवरची ढिली देखरेख, हेही स्पष्ट लिहिलंय. अशा गोष्टी अपघाताच्या कितीतरी आधीपासून रोजच्या फ्लाइटमध्ये दिसत असतात. विमानातला डेटा रेकॉर्डर सांगतो की अप्रोच जास्त वेगात होता, पण कॅप्टनला घाई कशाची होती आणि शेजारचा फर्स्ट ऑफिसर गप्प का बसला ते तो सांगत नाही, त्यासाठी कॉकपिटमध्ये बसलेलं माणूसच लागतं.

लोसा संपल्यावर निकाल लाइनवरच्या पायलटांना सांगावेच लागतात, आणि लवकर. काय सापडलं, त्यावर कंपनी कुठली प्रोसिजर बदलणार, कुठलं ट्रेनिंग बदलणार, हे कळलं नाही तर पुढच्या खेपेला निरीक्षकासाठी कॉकपिटचा दरवाजा उघडणारे कमी होतात. हीच कल्पना पुढे एटीसीसाठीही वापरली गेली, तिथे तिला नॉस म्हणतात आणि इकाओने तिचीही पुस्तिका काढली आहे.