खुबा बदलून त्याच दिवशी घरी: इथवरची वाट

खुब्याच्या कृत्रिम सांध्यात बसवतात ती प्लास्टिकची वाटी मुळात मागाच्या कामातली. सोलापूरकराला हे आवर्जून सांगावंसं वाटतं. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या कापड गिरण्यांत मागाचे दणके सोसणारे भाग या पॉलिथिलीनचे असत. १९६२ मध्ये एक विक्रेता त्याचा तुकडा घेऊन राइटिंग्टनच्या रुग्णालयात आला. सर्जन जॉन चार्नली यांनी तो बाजूला सारला, पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तो घासणीच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे रात्रंदिवस घासूनही त्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेइतकी भरली नाही. चार्नलींनी आधी बसवलेल्या टेफ्लॉनच्या वाट्या काही वर्षांतच झिजून निकामी झाल्या होत्या. त्याच नोव्हेंबरात नवी वाटी पहिल्यांदा माणसाच्या खुब्यात बसली.

चार्नली मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा कापून आत जात आणि शेवटी तो तारेनं पुन्हा बांधत. तो जुळेपर्यंत जपावं लागे, म्हणून अंथरुणातला मुक्काम लांबे. मग सांध्यापर्यंत पोचण्याच्या इतर वाटा रुळल्या. मागच्या, म्हणजे कुल्ह्याकडून आत शिरणाऱ्या वाटेला अमेरिकेतल्या ऑस्टिन मूर यांचं नाव जोडलेलं आहे. तिच्यात चालण्याचे मुख्य स्नायू शाबूत राहतात, पण पाय फार दुमडून आत वळला तर गोळा वाटीतून निसटण्याची भीती. बाजूची वाट हार्डिंग यांनी १९८२ मध्ये मांडली. तिच्यात निसटणं कमी, पण कुल्ह्याचा स्नायू सोडवावा लागत असल्यानं काहींना लंगडेपणा राहतो. पुढची, म्हणजे मांडीच्या समोरून शिरणारी वाट बरीच जुनी. जर्मन सर्जन ह्यूटर यांनी ती १८८१ मध्येच वर्णिली होती. ती दोन स्नायूंच्या फटीतून जाते, म्हणून पहिले काही आठवडे चालणं सोपं जातं. मात्र मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येऊ शकतो, आणि हात बसेपर्यंत सर्जनकडून हाड तडकण्याचा धोका असतो. काही महिन्यांनी तिन्ही वाटांचे रुग्ण जवळपास सारखेच चालतात.

त्याच दिवशी घरी जाण्याची चर्चा पेटली ती २००० नंतर, शिकागोच्या रिचर्ड बर्गर यांच्या दोन छोट्या छेदांच्या पद्धतीमुळे. इतरांच्या हातून तिचे निकाल तसे आले नाहीत आणि ती मागे पडली. तरी माणसं त्याच दिवशी घरी जातच राहिली! मला या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. खरं काम छेदानं केलंच नव्हतं. ते केलं लवकर उतरणाऱ्या कण्यातल्या भुलेनं, सांध्याभोवती टोचलेल्या वेदनाशामकांनी, रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्सामिक ॲसिडनं आणि दोन-तीन तासांत वॉकर धरून उभं करण्याच्या शिस्तीनं. डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट यांनी नव्वदच्या दशकापासून एकच प्रश्न लावून धरला होता: हा रुग्ण आज अजून रुग्णालयात का आहे? अमेरिकेच्या मेडिकेअर या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेनं २०२० मध्ये हे ऑपरेशन 'भरती होऊनच करायचं' या यादीतून काढलं, आणि कोविडनं उरलेला संकोच घालवला. निवडलेल्या रुग्णांत गुंतागुंत वाढल्याचं दिसलेलं नाही. 'निवडलेल्या' हा शब्द मात्र विसरू नये: हृदय धड, रक्त पुरेसं आणि घरी सोबतीला माणूस.

आपल्याकडे खुबा बदलायला येणारे बरेचजण तरुण असतात. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खचलेला असतो. तब्येतीनं ते एका दिवसात घरी जाण्याजोगे असतात. अडतं ते घराशी. कुंभारीच्या विडी घरकुल वसाहतीतली बाई मांडीवर सूप घेऊन, पाय दुमडून दिवसभर विड्या वळते. मागच्या वाटेनं ऑपरेशन झालं तर उकिडवं बसणं पहिले काही आठवडे तरी वर्ज्य, म्हणजे भारतीय संडासही बंद. अक्कलकोट-मंगळवेढ्याकडच्या रुग्णाला रात्री जखम भिजली तर गाडी काढून तासभर यावं लागतं. विम्याचंही आधी विचारून घ्यावं, कारण डे-केअरच्या यादीत नसलेल्या उपचारांसाठी पॉलिसी सहसा सलग २४ तासांची भरती मागते.

म्हणून माझ्या मते सर्जनला 'छेद कुठून घेणार' एवढंच विचारून थांबू नये. कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधीच घरी आणून ठेवावी, पलंगाची उंची गुडघ्याच्या वर येते का ते मोजावं, आणि पहिल्या रात्री फोन कोण उचलणार त्याचं नाव लिहून घ्यावं.