सीआरपी ‘नॉर्मल’ आला, पण रक्त किती वाजता घेतलं?

महिन्याच्या आतलं बाळ सकाळपासून अंगावर पीत नाही, मलूल पडलंय, म्हणून कणकुंबी-जांबोटीकडून खानापूरला आणि तिथून बेळगावला आणलं, की चिठ्ठीवर बहुधा सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), सीआरपी (जंतुसंसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन) आणि ब्लड कल्चर (रक्तातले जंतू बाटलीत उगवतात का ते पाहणं) असतं. कल्चरला दीड-दोन दिवस लागतात, सीआरपी मात्र लवकर मिळतो. आकड्याशेजारी ‘नॉर्मल’ दिसलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. तो इतक्या लवकर पडू नये.

सीआरपी यकृतात बनतो. जंतू रक्तात शिरले की पेशी इंटरल्युकिन-6 सोडतात, तो निरोप यकृताला पोचतो आणि मग हे प्रथिन तयार होऊ लागतं. यात सहा ते आठ तास जातात. आकडा शिखरावर जायला दीड-दोन दिवस. पहाटे चारला बिघडलेल्या बाळाचं रक्त सकाळी सातला घेतलं, तर रिपोर्ट चांगलाही येऊ शकतो! म्हणून 12 ते 24 तासांनी दुसरा नमुना हवाच. उलट अडलेलं बाळंतपण झालं किंवा बाळाने पोटातच शी करून ती श्वासात ओढली, तर जंतू नसतानाही सीआरपी चढतो.

जंतुसंसर्गात वाढणारं दुसरं प्रथिन, प्रोकॅल्सिटोनिन, जास्त चपळ, दोन-चार तासांत वाढू लागतं. पण चाचणी महाग, आणि जन्मानंतर पहिले दोन दिवस ते धडधाकट बाळातही आपोआप वाढतं. ताप आलेल्या पण एरवी तरतरीत दिसणाऱ्या 8 ते 60 दिवसांच्या बाळांसाठी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 साली मर्यादा सुचवल्या: प्रोकॅल्सिटोनिन 0.5 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, सीआरपी 20 मिलिग्रॅम प्रति लिटर. त्यातली 0.5 ची मर्यादा कालच जन्मलेल्या बाळाला लावली, तर विनाकारण अँटिबायोटिक सुरू होईल.

आपल्याकडच्या नवजात विभागांतला जुना ‘सेप्सिस स्क्रीन’ (रक्तातला जंतुसंसर्ग हुडकणारा चाचण्यांचा संच) स्वस्त आहे आणि मुळीच टाकाऊ नाही. पांढऱ्या पेशी 5000 च्या खाली, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वयाच्या मानाने कमी, त्यांतल्या कच्च्या पेशींचं प्रमाण 0.2 च्या वर, मायक्रो-ईएसआर (लाल पेशी तळाला बसण्याचा वेग) पहिल्या तासाला 15 मिलिमीटरच्या वर, सीआरपी 10 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर. पाचांतले दोन बिघडले की स्क्रीन पॉझिटिव्ह. यातलं कच्च्या पेशींचं काम डोळ्यांचं आहे. काचपट्टीवर पिकलेल्या न्यूट्रोफिलचं केंद्रक बारीक धाग्याने जोडलेल्या तुकड्यांचं दिसतं. कच्च्या ‘बँड’ पेशीचं घोड्याच्या नालेसारखं सलग. शंभर न्यूट्रोफिलमध्ये पंचवीस कच्च्या म्हणजे 0.25. मशीनचा सीबीसी हे भरवशाने सांगत नाही, त्यामुळे काचपट्टी (स्मिअर) वाचणारा टेक्निशियन नसेल तर स्क्रीनचा एक पायच लंगडा.

चुका साध्याच होतात. कल्चरसाठी किमान 1 मिलिलिटर रक्त लागतं. बाळ इवलंसं म्हणून चार थेंबांवर भागवलं, तर जंतू असूनही बाटलीत उगवत नाहीत. अँटिबायोटिकचा डोस आधी गेला तरी तेच. कातडीवरचं आयोडीन वाळू दिलं नाही, तर कातडीवरचेच जंतू उगवतात. शिवाय एककाचा घोळ: निपाणीच्या लॅबचा 1.2 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि बेळगावच्या लॅबचा 12 मिलिग्रॅम प्रति लिटर एकच, पण घरी ‘दहापट वाढला’ म्हणून रडारड.

या चाचण्यांचा खरा उपयोग औषध थांबवताना होतो. बाळ सुधारलंय, चोवीस तासांच्या अंतराने दोन्ही सीआरपी खाली आणि कल्चर 36 ते 48 तास कोरं, की बहुतेक बाळांचं इंजेक्शन बंद करता येतं.

रिपोर्ट इंग्रजीत, समजावणं कन्नडात आणि बाळंतीण मराठी, असं आपल्या भागात नेहमीचंच. तेव्हा एवढं विचारावं: रक्त किती वाजता घेतलं, आणि पुन्हा कधी घेणार? मात्र श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, बरगड्यांखाली छाती आत ओढली जाणं, झटके, अंग 35.5 अंश सेल्सिअसखाली गार, किंवा हलवल्याशिवाय हालचालच नाही, असं असेल तर रिपोर्टची वाट कोणी पाहत नाही. कल्चरचं रक्त काढायचं आणि लगेच अँटिबायोटिकचं इंजेक्शन.