शिडाच्या छोट्या होडीवरील दिशादर्शक उपकरणे : निवड आणि बसवणी

पाच ते सात मीटर लांबीच्या शिडाच्या होडीवर दिशा, खोली, स्थान, वेग आणि वारा कळावा म्हणून बसवायची उपकरणे. होकायंत्र, खोलीमापक, जीपीएस, वेग मोजणारा लॉग, वारादर्शक आणि वायुभारमापक ही त्यांतली मुख्य. समुद्रासाठी केलेली यादी धरणाच्या पाण्यावर जशीच्या तशी लागू पडत नाही. सोलापूर जिल्ह्यात अशी होडी चालवण्याजोगे मोठे पाणी म्हणजे भीमेवरील उजनी धरणाचा यशवंतसागर जलाशय. पुढील माहिती त्याच पाण्याला धरून दिली आहे. कोकणात फरक कुठे पडतो ते ओघात येईल.

खोलीमापक

उजनीवर पहिला खर्च खोलीमापकावर करावा. समुद्रात भरती-ओहोटीचे कोष्टक असते आणि खोली लिहिलेला नकाशा असतो. जलाशयाला यांपैकी काहीच नाही. उजनीची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर आहे आणि उपयुक्त साठा ४९१.०३ मीटरला संपतो. म्हणजे ‘शंभर टक्के’ आणि ‘शून्य टक्के’ यांत ५.८ मीटरचा फरक पडतो. त्याखालीही ६३.६६ टीएमसी अचल साठा उरतो, आणि उन्हाळ्यात धरण ‘मायनसमध्ये’ गेले की पाणी आणखी उतरते. ऑक्टोबरमध्ये ज्या वाटेने होडी निर्धास्त गेली, त्याच वाटेवर मे महिन्यात जुन्या गावाच्या भिंती, विहिरींचे काठ आणि झाडांचे बुंधे पाण्याच्या तोंडाशी आलेले असतात. इंदापूरच्या बाजूचे पळसदेवचे जुने मंदिर पाणी उतरले की उघडे पडते, हे सर्वांना ठाऊक आहे. जी बांधकामे पूर्ण उघडी पडत नाहीत, पाण्याखाली हात-दोन हातांवर राहतात, ती जास्त धोक्याची.

म्हणून नुसती खोली टिपून ठेवण्याला इथे अर्थ नाही. तळाची पातळी टिपावी. धरणाची पाणीपातळी रोज मीटरमध्ये जाहीर होते. समजा आज ती ४९४.२० आहे आणि एका जागी पृष्ठापासून खोली ३.१ मीटर भरली, तर तिथला तळ ४९१.१० मीटरला आहे. जीपीएसवर त्या जागेची खूण करताना नाव म्हणून हाच आकडा द्यावा. महिन्याभराने पातळी ४९२.०० झाली की तिथे ०.९ मीटर पाणी आहे हे क्षणात कळते. अशा शंभर-दीडशे खुणा जमल्या की आपल्या नेहमीच्या भागाचा कामचलाऊ नकाशा तयार होतो. पुराचे पाणी जोरात येत असताना मात्र जलाशयाच्या वरच्या टोकाला पृष्ठभाग धरणाजवळच्या पातळीपेक्षा उंच असतो; त्या दिवसांतली मापे या हिशेबात धरू नयेत. तळाची पातळी काढण्यासाठी जीपीएसने दाखवलेली उंची वापरू नये, तिच्यात काही मीटरची चूक सहज असते.

उपकरण निवडताना २०० किलोहर्ट्झचा सेन्सर, म्हणजे तळाकडे ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारा भाग, पुरेसा आहे. कमी वारंवारतेचे सेन्सर खोल समुद्रासाठी असतात. सेन्सरचा झोत शंकूसारखा पसरतो. वीस अंशांच्या शंकूने दहा मीटर खोलीवर सुमारे साडेतीन मीटर व्यासाचे वर्तुळ व्यापले जाते आणि त्यातला सर्वांत उंच भाग पडद्यावर येतो. झोत सरळ खाली जातो, समोरचे काही दाखवत नाही. ताशी सात किलोमीटर वेगाने होडी सेकंदाला सुमारे दोन मीटर पुढे सरकते. उतरता गाळाचा किनारा असेल तर खोली कमी झाल्याची घंटा वेळेवर वाजते, पण उभ्या भिंतीपुढे ती कामाची नाही. गावठाणाच्या जागी वेग कमी करणे हाच उपाय. मऊ गाळातून प्रतिध्वनी क्षीण येतो आणि आकडा नाचतो. दाट जलपर्णीवर किंवा शेवाळावर तर तळाऐवजी झाडोऱ्याचीच खोली दिसते.

सेन्सर बसवण्याच्या तीन पद्धती आहेत. तळाला भोक पाडून बसवलेला सेन्सर सर्वांत नेमके माप देतो, पण छोट्या होडीला भोक पाडण्याइतके कारण सहसा नसते. पिछाडीच्या फळीवर बाहेरून बसवणे सोपे. मात्र होडी कलली की तो पाण्याबाहेर येऊ शकतो आणि सुकाणूजवळच्या खळबळीत चुकतो. फायबरच्या होडीला आतून, तळाला चिकटवलेला सेन्सर सर्वांत सोयीचा. अट एकच : त्या जागी तळ भरीव फायबरचा हवा. मध्ये फोम किंवा हलके लाकूड भरलेल्या थरातून, तसेच लाकडी तळातून ध्वनी नीट जात नाही.

चिकटवण्याआधी जागा तपासावी. कण्याच्या (तळाखाली मधोमध उतरणाऱ्या भागाच्या) थोडे पुढे, मधल्या रेषेजवळ, तळाच्या आतल्या बाजूला पाणी भरलेली पातळ प्लास्टिक पिशवी ठेवावी आणि तिच्यावर सेन्सर दाबून वाचन पाहावे. दोरीला शिशाचे वजन बांधून तीच खोली मोजावी. दोन्ही मापे जुळली की खूण करावी. मग जागा सँडपेपरने घासून, पुसून, इपॉक्सीचा जाड थर देऊन सेन्सर थोडा फिरवत दाबावा. फिरवायचे ते हवेचे बुडबुडे निघून जावेत म्हणून. एक बुडबुडा राहिला तरी माप बिघडते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो. तापमान दहा अंशांनी वाढले की इपॉक्सी जवळजवळ निम्म्या वेळात घट्ट होते, आणि वाटीत जास्त मिसळून ठेवली तर तापून धुमसते. हे काम सकाळी सातच्या आत, सावलीत, मंद हार्डनर घेऊन, थोडी-थोडी मिसळून करावे.

शेवटी ऑफसेट, म्हणजे खोली कुठून मोजायची हे ठरवणारा वाढ-घटीचा आकडा, उपकरणात भरावा. वरच्या पद्धतीने तळाची पातळी काढायची असेल तर उपकरण पृष्ठापासून मोजेल असे ठेवावे आणि होडीचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडणारा भाग, मनात वजा करावा. काही जण कण्याखालची खोली दाखवणारा ऑफसेट ठेवतात. दोन्ही चालतात, पण कोणता ठेवला आहे ते पडद्याशेजारी पट्टीवर लिहावे, कारण होडी दुसऱ्याच्या हाती गेली की गोंधळ इथेच होतो.

होकायंत्र

होकायंत्राला वीज लागत नाही. वळिवाच्या धुळीत किनारा दिसेनासा झाला आणि बॅटरी गेली, तर हेच उरते. विकत घेताना एक गोष्ट हमखास सुटते : चुंबकीय नमन, म्हणजे सुई आडव्या पातळीपासून जमिनीकडे जितकी झुकते तो कोन. सुई आडवी राहावी म्हणून कारखान्यात तबकडी एका बाजूने जड केलेली असते आणि ते वजन भूभागानुसार बदलते. उत्तर युरोपात नमन ६५ ते ७० अंश आणि त्याहूनही जास्त असते, सोलापूरच्या आसपास ते सुमारे २५ अंशच आहे. तिकडच्यासाठी तोललेले यंत्र इथे दक्षिण बाजूला झुकते आणि होडी कलली की तबकडी घासते. दुकानात यंत्र सपाट ठेवून तबकडी समपातळीत आहे का ते पाहावे.

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक या भागात एक अंशाच्या आत आहे, त्यामुळे छोट्या होडीवर तो सोडून देता येतो. होडीवरच्या लोखंडाने आणि विजेने होणारी चूक मात्र सोडता येत नाही. ती दहा-वीस अंशांचीही असू शकते. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ च्या सुमारास अलिबागला हलवावी लागली होती. तारेतल्या प्रवाहाचा चुंबकीय वेधांवर केवढा परिणाम होतो हे त्यावरून कळते. होडीवर तर तार यंत्रापासून वितीवर असते. दोन उपाय करावेत : जवळून जाणाऱ्या धन आणि ऋण तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात, म्हणजे त्यांची क्षेत्रे एकमेकांना खोडतात, आणि स्पीकर, मोबाइल, मोबाइलचे चुंबकवाले कव्हर, लंगराची साखळी हे सर्व यंत्रापासून मीटरभर दूर ठेवावे. छोट्या चुंबकाचा प्रभाव अंतराच्या घनाने घटतो. अंतर दुप्पट केले की परिणाम आठव्या हिश्श्यावर येतो, म्हणून चार बोटे सरकवण्यानेही फरक पडतो.

जागा ठरवताना चालक कुठे बसतो ते पाहावे. सुकाणूच्या दांड्याने चालणाऱ्या होडीत तो कधी डाव्या, कधी उजव्या काठावर बसतो. केबिनच्या मागच्या भिंतीवर मधोमध एकच यंत्र लावायचे तर त्यावर ४५ अंशांच्या बाजूच्या रेषा असलेले घ्यावे. तबकडी सत्तर-पंचाहत्तर मिलिमीटरपेक्षा लहान नको, कललेल्या होडीत ती वाचता येत नाही.

भिंतीला भोक पाडण्यापूर्वी यंत्र दुपदरी टेपने तात्पुरते चिकटवून फेरी मारावी. मधली रेषा होडीच्या लांबीच्या रेषेला समांतर आहे ना, हे नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) पिछाडीपर्यंत ताणलेल्या दोरीवरून तपासावे. भोकाच्या जागी आधी कागदी टेप लावावी म्हणजे जेलकोटचा (फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराचा) टवका उडत नाही. कापल्यावर आतली लाकडी किंवा फोमची कड इपॉक्सीने बंद करावी. ही कड उघडी राहिली तर दोन पावसाळ्यांत भिंत कुजते. स्क्रू पितळेचेच हवेत. स्टेनलेसचे काही स्क्रू घडवताना थोडे चुंबकीय होतात. यंत्राबरोबर आलेला रबरी गॅस्केट पुरेसा असतो. पारदर्शक घुमट थिनरने किंवा पेट्रोलने पुसू नये, तो तडकतो.

चूक काढण्यासाठी वारा पडलेली सकाळ निवडावी. जलाशयात, पूर नसताना, पाण्याला म्हणण्यासारखा प्रवाह नसतो. त्यामुळे इंजिनवर सरळ जाताना जीपीएसची वाट आणि नाळेची दिशा जवळजवळ एकच असते. समुद्रावर ही सोय नाही. प्रथम आठही दिशांना एक-एक मिनिट जाऊन फरक लिहावा. सर्व दिशांना फरक सारखाच असेल तर यंत्र तिरके बसले आहे, ते फिरवावे. कमी-जास्त असेल तर आतल्या भरपाईच्या स्क्रूंनी दुरुस्त करावे : उत्तरेला जाताना उत्तर-दक्षिण स्क्रूने पूर्ण चूक काढावी, पूर्वेला जाताना पूर्व-पश्चिम स्क्रूने पूर्ण काढावी, मग दक्षिणेला उरलेली निम्मी आणि पश्चिमेला उरलेली निम्मी. पेचकस पितळेचा असावा. अखेरीस राहिलेला फरक कागदावर लिहून यंत्राशेजारी लावावा.

जीपीएस, वीज आणि ऊन

पाच इंची प्लॉटर, म्हणजे नकाशावर होडीचे स्थान दाखवणारा जीपीएसचा पडदा, पुरे. समुद्रासाठी भरलेले नकाशे उजनीवर कोरे दिसतात; इथे उपयोग होतो तो आपल्याच जुन्या वाटांचा आणि खुणांचा. पडदा कायमचा बसवण्याआधी पोलराइज्ड गॉगल घालून पाहावा. काही पडदे एका कोनात पूर्ण काळे दिसतात. उभ्या उन्हात काळी चौकट फार तापते आणि पडदा काळवंडतो. वापर नसताना पांढरे झाकण घालावे.

सोलापूरच्या बाजारात यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर बॅटरी सहज मिळते. प्लॉटरला सुमारे ०.७ आणि खोलीमापकाला ०.१ अँपिअर लागतो असे धरले, आणि बॅटरी निम्मीच वापरायची असा नियम ठेवला, तर चार तास मिळतात. दिवसभरासाठी दुप्पट क्षमता घ्यावी. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला लागूनच हवा, उपकरणाशी नव्हे. तारेत शॉर्ट झाला तर दोन्हींमधली तारच जळते. तारा कलई केलेल्या तांब्याच्या घ्याव्यात. उपकरणात शिरण्यापूर्वी तारेला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकते.

लॉग, वारा, वायुभार

तळाला लावायचा चक्रीचा लॉग उजनीवर टाळावा. शेवाळात चक्री अडकते, आणि प्रवाह नसल्याने जीपीएसचा वेग पुरेसा असतो. कोकणात भरतीच्या ओढीत पाण्यातला वेग वेगळा कळणे गरजेचे ठरते, तिथे त्याची किंमत वसूल होते. वाऱ्यासाठी डोलकाठीच्या माथ्यावर साधा बाण आणि बाजूच्या तारांना, डोळ्यांच्या उंचीवर, लोकरीचे दोन धागे पुरतात. माथ्यावर विजेचे यंत्र चढवण्याचा खर्च एवढ्या होडीला शोभत नाही.

वायुभारमापकावर इथे विसंबू नये. जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटरवर असल्याने मूळ वाचन समुद्राकाठच्यापेक्षा ५५ हेक्टोपास्कलच्या आसपास कमी येते, आणि काही स्वस्त यंत्रे तेवढी जुळवताही येत नाहीत. शिवाय या अक्षांशांत सकाळी दहाच्या सुमारास भार वाढलेला असतो आणि दुपारी चारपर्यंत तीन-चार हेक्टोपास्कलने रोजच उतरतो. नवख्याला तेच वादळाचे लक्षण वाटते. वळिवाचा वारा मात्र यंत्राला काही कळण्याआधी येतो. २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी दरम्यान प्रवासी बोट अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत दुपारी तीननंतर ढगांचा काळा पाया किंवा किनाऱ्यावर उठलेली धूळ दिसली, की शीड उतरवून जवळचा काठ गाठावा. त्यासाठी डोळेच वापरायचे असतात. होकायंत्राचा अंश मात्र धुळीने काठ झाकण्याआधीच वाचून ठेवावा.