उंच मत्स्यालयातील गाळणयंत्रणा

लांबीच्या मानाने उंची जास्त असलेल्या काचेच्या टाकीतले पाणी माशांना राहण्याजोगे ठेवणारी व्यवस्था. कोल्हापुरात फ्लॅटच्या हॉलमधल्या कोपऱ्यात किंवा दुकानाच्या काउंटरशेजारी उंच टाकी ठेवतात, कारण ती जमिनीवर जागा कमी खाते. तिचा फिल्टर मात्र बहुतेक जण खोक्यावरचे लिटर वाचून घेतात आणि तिथेच फसतात.

दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत सुमारे १२७ लिटर पाणी मावते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, एक फूट उंच टाकीतही तेवढेच. पण पहिलीचा पृष्ठभाग सव्वादोन चौरस फूट, तर दुसरीचा साडेचार. प्राणवायू पाण्यात मिसळतो तो मुख्यतः पृष्ठभागावरून. म्हणजे तेवढ्याच पाण्याला उंच टाकीत श्वास घ्यायला निम्मीच जागा. त्यातच उन्हाळा आला की, समुद्रसपाटीच्या हिशेबाने, २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे ८.३ मिलिग्रॅमपर्यंत राहणारा प्राणवायू ३० अंशांना ७.५ वर येतो. त्यामुळे इथे फिल्टरचे पहिले काम कचरा धरणे हे नसून तळचे पाणी वर आणून पृष्ठभाग हलता ठेवणे हे असते. माशांच्या विष्ठेतून आणि उरल्या खाद्यातून होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजावर आणि सिरॅमिक रिंगांवर वाढतात. त्यांनाही प्राणवायूच लागतो. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात.

टाकीतले पाणी ताशी चार-पाच वेळा फिल्टरमधून जावे, असा ढोबळ नियम आहे. वरच्या टाकीला म्हणजे ताशी ५०० ते ६०० लिटर. खोक्यावर छापलेला आकडा मात्र पाणी अजिबात उचलायचे नसतानाचा असतो. इथे ‘हेड’, म्हणजे पंपाला पाणी जेवढे वर चढवावे लागते ती उंची, आडवे येते. पंचगंगेकाठी उसाला पाणी देणाऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. विहिरीत पाणबुडी मोटर कितीही खाली सोडा, पाणी उचलायचे ते पाण्याच्या पातळीपासूनच. टाकीतही तसेच. पंप तळाशी ठेवला म्हणून दोन फुटांचे हेड लागत नाही, कारण पाइपबाहेरचे पाणी आतल्या पाण्याला तोलून धरते. पृष्ठभागाच्या वर जेवढे चढवायचे, तेवढेच मोजायचे.

म्हणूनच टॉप फिल्टर, म्हणजे टाकीच्या तोंडावर बसणारा गाळणीचा डबा, उंच टाकीला नालायक ठरवण्याचे कारण नाही. त्याचा पंप बहुधा वरच्या वर लटकवलेला असतो, त्यामुळे वरचेच पाणी फिरत राहते आणि खालचा गाळ जिथल्या तिथे बसतो. पाइप वाढवून पंप तळापासून चार बोटे वर नेला की थोड्या पैशात चांगले काम होते. टाकीच्या काठावर बाहेरून टांगायच्या हँग-ऑन फिल्टरचीही अडचण आखूड नळीचीच. जोडनळी मिळत असेल तरच तो घ्यावा.

सम्पचे, म्हणजे स्टँडखाली ठेवून फिल्टर म्हणून वापरायच्या दुसऱ्या टाकीचे, गणित वेगळे. स्टँड अडीच फूट, टाकी दोन फूट आणि खालच्या सम्पमध्ये पाऊणएक फूट पाणी धरले, तर पंपाला जवळजवळ पावणेचार फूट, म्हणजे १.१ मीटरहून जास्त चढण पडते. खोक्यावर ‘कमाल हेड १.२ मीटर’ असलेला पंप इथे नुसती धार सोडेल. कमाल हेड म्हणजे जिथे प्रवाह शून्य होतो ती उंची. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे दोन नळ्यांनी टाकीला जोडलेला बंद डबा, हाही स्टँडखालीच बसतो, पण त्याच्या दोन्ही नळ्या पाण्याने भरलेल्या असल्याने चढउतार एकमेकांना तोलतात. पंपाला फक्त नळ्यांचे घर्षण आणि आतल्या मीडियाचा (स्पंज, रिंगा वगैरे गाळण्याच्या सामानाचा) अडथळा सोसावा लागतो. पृष्ठभागापासून कॅनिस्टरच्या तळापर्यंतचे कमाल अंतर उत्पादक देतात, ते उंच टाकी उंच स्टँडवर ठेवताना जरूर बघावे. टाकी दोन फुटांहून उंच असेल आणि खिशाला झेपत असेल, तर कॅनिस्टरच घ्यावा. शोषनळी तळाजवळ आणि स्प्रे बार (पाणी परत सोडणारी भोकांची नळी) पृष्ठभागालगत, अशी मांडणी ठेवावी. एंजलसारख्या उंच, चपट्या माशाला जोराचा झोत मानवत नाही, म्हणून बारची भोके काचेकडे वळवतात.

एअर पंपाच्या बुडबुड्यांवर चालणारा स्वस्तातला स्पंज फिल्टर इथे अनपेक्षित गुणाचा ठरतो. उभी नळी जितकी लांब, तितके बुडबुडे जास्त पाणी ओढतात. पण दोन फूट खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६० ग्रॅम दाब असतो. गप्पीच्या बरणीवरचा छोटा एअर पंप तिथे दमतो. शिवाय स्पंज पिळायला काढताना हात बगलेपर्यंत बुडतो, हेही लक्षात असू द्यावे. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणू मारते.

वीज गेल्यावरची तयारी निवडीच्या वेळीच करावी लागते. एअर पंप टाकीखाली कपाटात असेल, तर पंप बंद पडताच नळीतून पाणी उलटे येऊन फरशीवर सांडते. काही रुपयांचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह ते थांबवतो. सम्पमध्ये उतरणारे पाणी मावेल एवढी जागा मोकळी हवी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत उपसा केंद्रे पाण्यात गेली आणि शहराचा नळ बंद पडला, तेव्हा पाणी बदलणेही शक्य नव्हते. अशा वेळी खाद्य थांबवावे आणि बॅटरीवरचा एअर पंप लावावा. बंद कॅनिस्टरमधले जिवाणू आतला प्राणवायू काही तासांत संपवतात. वीज आल्यावर तो तसाच सुरू केला, तर कुजके पाणी थेट माशांवर येते. म्हणून आधी झाकण उघडून वास घ्यावा, आतले पाणी ओतून द्यावे, मगच बटण दाबावे.