एचटीपी पंपाची ‘एअर’ आणि कॅव्हिटेशन

वरूड, मोर्शी, काटोलकडच्या संत्रा बागांत फवारणीचा एचटीपी, म्हणजे उच्च दाबाचा पिस्टन पंप खडखडू लागला आणि गनचा फवारा कमी पडला, की ‘पंपाने एअर धरली’ असे ठरवून सक्शनच्या, म्हणजे पाणी आत घेणाऱ्या बाजूच्या जोडांवर टेफलॉन टेप गुंडाळली जाते. ही मेहनत पुष्कळदा वाया जाते, कारण याच लक्षणांमागे कॅव्हिटेशन, म्हणजे पंपात पाण्याच्याच वाफेचे फुगे होणे, असू शकते आणि त्याला टेपचा काडीचाही उपयोग नसतो.

एअर सर्वांच्या परिचयाची आहे. ढिली क्लिप, तडकलेली नळी, झिजलेली ओ-रिंग किंवा ड्रम तळाला गेल्यावर उघडे पडलेले सक्शनचे तोंड, यांतून बाहेरची हवा आत शिरते.

कॅव्हिटेशनमध्ये बाहेरून काहीच शिरत नाही. पाण्याचीच वाफ होते. दाब पुरेसा उतरला तर न तापवलेले पाणीही उकळते, हे पटायला जड जाते. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो, पण तो केवळ जागा मोकळी करतो. त्या जागेत पाणी ढकलतो तो वातावरणाचा दाब. हा दाब समुद्रसपाटीला सुमारे 10.3 मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा, तर 310 मीटर उंचीवरच्या नागपूरला जेमतेम 10 मीटर असतो. गेजवर 30 किलो प्रेशर दिसत असले तरी ते डिलिव्हरीचे, म्हणजे पंपातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे असते. सक्शनच्या वाट्याला आलेल्या त्या 10 मीटरमधून चढ, नळीचे घर्षण आणि जाळीतला गाळ वजा होतो. शिवाय पाण्याची वाफ होऊ नये म्हणून 25 अंशांना सुमारे 0.3 मीटर आणि उन्हात 45 अंशांपर्यंत तापलेल्या पाण्याला जवळपास 1 मीटर राखावे लागतात. तेवढेही उरले नाही, की पंपात वाफेचे फुगे होतात.

खरा फरक आहे तो या फुग्यांच्या शेवटात. वाफेचा फुगा दाब वाढताच पंपातच मिटतो आणि मिटताना धातूवर घाव घालतो. हवेचा फुगा दबतो, पण बाहेर येऊन पुन्हा फुलतो. म्हणून पंप साध्या पाण्यावर चालवावा, कारण औषधाला फेस येतो, आणि बायपासच्या, म्हणजे जादा पाणी ड्रममध्ये परत सोडणाऱ्या नळीचे तोंड ड्रममध्ये पाण्याखाली धरून पाहावे. बुडबुडे येतच राहिले तर हवा आहे. पाणी स्वच्छ आहे आणि पंपात मात्र खडे दळल्यासारखा आवाज येतो, तर कॅव्हिटेशन आहे. इंजिनाचा वेग उतरवताच आवाज बसला, तर शंका आणखी पक्की होते. गळका जोड शोधायचा असल्यास ड्रम पंपाहून उंच ठेवून पंप बंद करावा. तो जोड आपणच ठिबकू लागतो.

घरात पडून होती म्हणून 1 इंचाच्या जागी पाऊण इंची सक्शन नळी लावणाऱ्यांची मला चीड येते, कारण तेवढ्याने पाण्याचा वेग पावणेदोन पट होतो. सक्शनचा कॉक अर्धा बंद करून प्रेशर साधणे हा तर निव्वळ अडाणीपणा आहे. ते काम पंपावरच्या दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरचे. माझ्याकडे ड्रम सावलीत आणि पंपाहून उंच असतो, सक्शनची नळी आखूड असते, जाळी प्रत्येक ड्रमला धुतली जाते आणि बायपासचे तोंड सक्शनपासून दूर, पाण्याखाली राहते.

गोंधळ टिकून राहण्यास आणखी एक कारण आहे. थोडी हवा आत गेली तर ती मिटणाऱ्या फुग्यांना उशीसारखी होते आणि कॅव्हिटेशनचा आवाज दबतो. एका मिस्त्रीने माझ्यासमोर सक्शनची क्लिप किंचित ढिली केली, खडखड थांबली आणि पंप दुरुस्त झाल्याचे त्याने सांगितले. त्या दुपारी धार तुटत राहिली आणि झाडांवर औषध पट्ट्यापट्ट्यांनी बसले.